ह्वे, १९६८: तेतच्या पहाटेचा हल्ला आणि त्यानंतरचे पंचवीस दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

व्हिएतनामला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात हल्ली दा नांग हमखास असतं, आणि दा नांगहून एका दिवसात उरकायचं ठिकाण म्हणून ह्वे. सकाळी हाय व्हान घाट ओलांडायचा, दुपारी राजवाडा, संध्याकाळी नदीत होडी आणि परत. '१९६८ साली इथे मोठी लढाई झाली' एवढं सांगून गाइड पुढे चालू लागतो. जाऊन आलेले आणि जाणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. विषयच तसा आहे.

ह्वे म्हणजे नेमकं कुठे? आणि उच्चार 'ह्यू' की 'ह्वे'?

'ह्वे' म्हणा, जवळ जातं. व्हिएतनामच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, दा नांगच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर हे शहर आहे. १८०२ ते १९४५ या काळात न्ग्वेन घराण्याची राजधानी इथे होती. शहराच्या मधून हुओंग नदी वाहते. 'सुगंधी नदी' असा तिच्या नावाचा अर्थ. उत्तर काठावर झा लोंग राजाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलेला किल्ला आहे: प्रत्येक बाजू जवळपास अडीच किलोमीटर, भोवती खंदक, आणि मातीने भरलेल्या इतक्या जाड भिंती की वरून बैलगाडी सहज जावी. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. हा सपाटीवरचा, भुईकोट. आणि त्यात नुसता राजवाडा नव्हता, हजारो लोकांची राहती घरं होती. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवा.

दक्षिण काठावर नवं शहर: विद्यापीठ, इस्पितळ, तुरुंग, खजिना, पोस्ट, चर्च. एकूण वस्ती १ लाख ४० हजारांच्या घरात. देश तेव्हा दुभंगलेला होता, उत्तरेत कम्युनिस्ट राजवट आणि दक्षिणेत अमेरिकेच्या पाठिंब्यावरची. ह्वे दक्षिणेत, पण सीमेपासून जवळ.

हल्ला सणालाच का केला?

तेत म्हणजे तिथला चांद्र नववर्षाचा सण. आपला पाडवा, दिवाळी आणि पितरांचं स्मरण एकत्र केलं तर जे होईल, ते. माणूस कुठेही असो, तेतला घरी येतो. युद्ध चालू असतानाही दरवर्षी सणापुरता युद्धविराम व्हायचा. १९६८ सालीही दोन्ही बाजूंनी तो जाहीर केला होता. दक्षिणेचे निम्मे सैनिक रजेवर गावी गेले होते. रात्रभर फटाके वाजत होते, त्यामुळे पहिल्या गोळ्यांचे आवाज अनेकांना फटाक्यांचेच वाटले.

याला इतिहासातला दाखलाही होता. १७८९ साली क्वांग त्रुंग या राजाने तेतच्या दिवसांतच थांग लोंग, म्हणजे आजच्या हानोईत, तळ ठोकून बसलेल्या चिनी फौजेवर अचानक हल्ला करून तिला पळवून लावलं होतं. तिथल्या शाळकरी मुलालाही ही गोष्ट पाठ असते. हा क्वांग त्रुंग निघाला होता तो फू शुआनहून, आणि फू शुआन म्हणजेच ह्वे. तरीही १९६८ साली शत्रू सणाला हल्ला करील असं फारसं कुणाला वाटलं नाही.

काही शहरांवर एक दिवस आधीच हल्ला झाला म्हणतात, ते कसं?

पंचांगामुळे! उत्तर व्हिएतनामने १९६७ साली आपली प्रमाणवेळ आणि तिच्यावर बेतलेली दिनदर्शिका बदलली. परिणामी १९६८ चा तेत उत्तरेत २९ जानेवारीला आला आणि दक्षिणेत ३० जानेवारीला. 'तेतच्या पहिल्या रात्री' असा हुकूम गेल्यावर काही तुकड्यांनी एक तारीख धरली, काहींनी दुसरी. त्यामुळे न्हा त्रांग, प्लेइकू, दा नांग अशा काही शहरांवर ३० तारखेच्या पहाटे हल्ले झाले आणि दक्षिणेची राजधानी सायगाव, ह्वे वगैरे बाकी ठिकाणी ३१ च्या पहाटे. टिळक पंचांग आणि इतर पंचांगं यांच्यातल्या फरकामुळे सण कधी धरायचा यावर ज्या घरांत वाद झाला असेल, त्यांना हा घोळ समजावून सांगायला नको.

या एका दिवसाच्या चुकीने ह्वेमधल्या एका माणसाला सावध केलं. त्याच्याबद्दल खाली आहेच.

त्या रात्री काय घडलं?

३० जानेवारीची रात्र. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काळ, बारीक भुरभुर पाऊस, धुकं, बोचरी थंडी. उत्तरेच्या सैन्याची सहावी रेजिमेंट किल्ल्याच्या पश्चिमेला दबा धरून होती, चौथी दक्षिण भागावर नेमलेली होती. ३१ जानेवारीच्या पहाटे, तीन वाजण्याच्या आगेमागे, तोफगोळे आणि रॉकेटं पडायला लागली. पश्चिम दरवाजाशी दक्षिणेच्या सैनिकांचेच गणवेश घातलेल्या काही जणांनी पहारेकऱ्यांना मारलं, दरवाजा उघडला आणि बाहेरच्यांना दिव्याची खूण केली. जाड भिंती, खंदक, सगळं जिथल्या तिथे राहिलं. आत शिरलेले हल्लेखोर उजाडेपर्यंत किल्ल्याच्या बहुतेक भागात पसरले होते.

सकाळी आठच्या सुमारास राजवाड्यासमोरच्या ध्वजबुरुजावर लाल-निळा, सोनेरी ताऱ्याचा झेंडा चढला. हा बुरूज किल्ल्याच्या नदीकडच्या अंगाला आहे, दक्षिण काठावरूनही दिसतो. तेतच्या दिवशी कुणाच्या पायगुणाने वर्ष सुरू होतं याला व्हिएतनामी माणूस फार जपतो, वर्षाचा पहिला पाहुणा विचार करून बोलावतो. त्या वर्षीचा पाहुणा न बोलावताच आला होता.

हल्लेखोर 'बंडखोर' होते की सैनिक?

दोन्ही, पण प्रमाण लक्षात घ्या. आपल्याकडे सरसकट 'व्हिएतकाँग' म्हटलं जातं. व्हिएतकाँग म्हणजे दक्षिणेतले कम्युनिस्ट बंडखोर, त्यांच्या संघटनेचं नाव राष्ट्रीय मुक्ती आघाडी. तेत मोहिमेत शंभराहून अधिक शहरं-गावांवर सुमारे ८० हजार जण चालून गेले. त्यांत बंडखोरांचा भरणा मोठा होता. ह्वेचं वेगळं. इथे कणा होता तो उत्तरेच्या नियमित सैन्याचा. सुरुवातीला साडेसात-आठ हजारांच्या आसपास माणसं, नंतर आणखी कुमक. बंडखोरांचं काम वाटा दाखवणं, आधीपासून शहरात राहून माहिती काढणं, दारूगोळा दडवणं आणि शहर हातात आल्यावर कारभार चालवणं. कुठल्या घरात कोण राहतो हे त्यांना ठाऊक होतं, कारण तेही तिथलेच होते.

एवढी फौज शहराच्या वेशीवर आली आणि कुणालाच पत्ता नाही?

पत्ता होता, तो पोहोचला नाही. ह्वेच्या दक्षिणेला १३ किलोमीटरवर फू बाई इथे अमेरिकेचा तळ आणि रेडिओ संदेश टिपण्याचं केंद्र होतं. तिथे हल्ल्याची चाहूल देणारे संदेश पकडलेही गेले. पण नियम असा की पकडलेलं सगळं आधी विश्लेषणासाठी दा नांगला पाठवायचं आणि तिथून ते संबंधित ठिकाणी जायचं. कागद वर गेला, खाली येईपर्यंत लढाई सुरू झाली होती. सरकारी टपालाचा अनुभव असलेल्या कुणालाही हे अगदी ओळखीचं वाटेल.

शिवाय २१ जानेवारीपासून खे सान्ह या सीमेवरच्या तळाला वेढा पडला होता. अमेरिकी सेनापती वेस्टमोरलंड यांचं सगळं लक्ष तिकडे. शहरांवरचे हल्ले ही हूल असून खरा घाव खे सान्हवर पडणार, असं त्यांना हल्ला झाल्यावरही काही काळ वाटत होतं.

शहर पूर्ण पडलं का?

दोन ठिकाणं सोडून. एक, किल्ल्याच्या ईशान्य कोपऱ्यातलं मांग का, दक्षिण व्हिएतनामच्या पहिल्या डिव्हिजनचं मुख्यालय. दुसरं, दक्षिण काठावरचं अमेरिकी सल्लागारांचं आवार, जिथे दोनशेच्या आसपास माणसं होती.

मांग का वाचलं ते ब्रिगेडियर जनरल न्गो क्वांग त्रुओंग यांच्यामुळे. आदल्या दिवशी इतर शहरांवर हल्ले झाल्याचं कळताच त्यांनी हाताखालच्या अधिकाऱ्यांना घरी न पाठवता मुख्यालयात थांबवून घेतलं. स्वतःही थांबले. रजेवर गेलेले सैनिक परत आणणं शक्य नव्हतं, पण हुकूम द्यायला माणसं जागेवर होती. 'हाक बाव', म्हणजे काळा बिबट्या, नावाच्या निवडक तुकडीने आधी किल्ल्यातली धावपट्टी लढवली आणि मग मुख्यालय.

या लढाईच्या इंग्रजी वर्णनांत अमेरिकी मरीनच (नौदलाशी जोडलेले पायदळ) सगळीकडे दिसतात. दक्षिणेच्या अकरा बटालियन इथे लढल्या आणि मेल्या, हे बहुतेक ठिकाणी तळटीपेत जातं. हरलेल्या बाजूच्या सैनिकांचं नेहमी असंच होतं. त्यांच्या देशाचं अस्तित्वच उरलं नाही, स्मारक बांधणार कोण?

मग शहर परत घ्यायला २५ दिवस का लागले?

पहिले काही दिवस फू बाईच्या अमेरिकी अधिकाऱ्यांना शहरात नेमकं किती शत्रू आहे हेच उमगलं नव्हतं. मूठभर लोक शिरलेत, हाकलून लावू, असा हिशेब. पहिल्याच दिवशी मरीनच्या एका कंपनीला, म्हणजे लहानशा तुकडीला, पूल ओलांडून किल्ल्यात जाऊन जनरल त्रुओंगना गाठायला सांगितलं. पुलावरच मशिनगनच्या माऱ्यात सापडून त्यांची पन्नासच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, बाकीचे परत आले. एका कंपनीला हजारोंवर सोडलं होतं.

दुसरं कारण लढाईची जागा. मरीन शिकले होते ते भातशेतीत आणि जंगलात लढायला. लेफ्टनंट कर्नल अर्नेस्ट चीथम यांनी फू बाईच्या तळावर शहरी लढाईच्या जुन्या पुस्तिका शोधून काढल्या आणि वाचत बसले. त्यातून पद्धत ठरली: रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. समोरच्या भिंतीला तोफेने किंवा रॉकेटने भगदाड पाडायचं, त्यातून अश्रुधूर आणि हातबॉम्ब, मग माणसं आत. खोलीतून पुढच्या खोलीची भिंत. असं एकेक घर, एकेक वर्ग, इस्पितळाचा एकेक कक्ष. दिवसाला घरांची एखादी रांग पुढे सरकली तर पुष्कळ. ६ फेब्रुवारीला प्रांताचं मुख्यालय हाती आल्यावर मरीननी तिथे अमेरिकेचा झेंडा चढवला. नियमाने तो दक्षिण व्हिएतनामच्या झेंड्याशिवाय चढवता येत नव्हता, म्हणून नंतर उतरवावा लागला.

तिसरं कारण वारसा. ऐतिहासिक शहर म्हणून सुरुवातीला विमानं आणि अवजड तोफा वापरायला मनाई होती. शिवाय ढग इतके खाली की विमानं उडवणंच कठीण. ही मनाई आधी दक्षिण काठापुरती उठली, मग किल्ल्यातही बरीच सैल झाली. समुद्रातल्या युद्धनौकांनीही गोळे टाकले. १३ फेब्रुवारीपासून मरीन किल्ल्यात दोंग बा दरवाजाच्या बाजूने पुढे सरकायला लागले. दरवाजावरच्या बुरुजासाठी जी झटापट झाली, तिच्यानंतर बुरूज म्हणायला विटांचा ढीग राहिला. वाचवायचा तोच किल्ला अशा रीतीने फोडला गेला.

चौथं कारण, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही: रसद. हल्लेखोरांना पश्चिमेकडून रोज माणसं आणि दारूगोळा मिळत होता. शहरात घरोघरी लढाई चालू असताना बाहेर अमेरिकी घोडदळ डिव्हिजन (नावालाच घोडदळ, सगळे हेलिकॉप्टरवाले) ला चू नावाच्या खेड्याजवळ ती वाट तोडायला धडपडत होती. ती तुटली आणि किल्ल्यातली लढाई काही दिवसांत उताराला लागली. २४ फेब्रुवारीला ध्वजबुरुजावरचा झेंडा उतरला.

नागरिक कुठे होते?

घरातच. सण होता ना! गावोगावचे नातेवाईकही आले होते, त्यामुळे घरं नेहमीपेक्षा भरलेली. पहिले दिवस लोकांनी पलंगाखाली, अंगणातल्या खड्ड्यांत काढले. नंतर विद्यापीठ, चर्च, पॅगोडा अशा ठिकाणी हजारो लोक दाटीवाटीने राहिले. तेतसाठी केलेला 'बान्ह तेत', केळीच्या पानात बांधून तासन्‌तास उकडलेला चिकट भाताचा लांबोडा, टिकाऊ असतो. पुष्कळ घरांत पहिले काही दिवस तेवढ्यावर निघाले. प्रेतं रस्त्यात आणि अंगणात पडून होती. लोकांनी जमेल तिथे पुरली, परसात, शाळेच्या मैदानात. पुढे मृतांचा हिशेब लावताना हीच गोष्ट अडचणीची ठरली.

लढाई संपली तेव्हा १ लाख १६ हजार लोक बेघर झाले होते. एकूण वस्तीशी ताडून बघा.

ज्या हत्याकांडाबद्दल ऐकू येतं, ते खरंच झालं का?

झालं. आकडा किती आणि कोणाच्या हुकुमाने, यावर वाद आहे. माणसं मारली गेली यावर गंभीर अभ्यासकांत वाद उरलेला नाही.

शहर हातात आल्यावर हल्लेखोरांनी क्रांतिकारी प्रशासन जाहीर केलं, ह्वे विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला त्याचं प्रमुख केलं. सरकारी नोकर, सैनिक, पोलीस यांनी हजर होऊन नाव नोंदवावं, असं कर्ण्यांवरून पुकारलं गेलं. बरेच जण गेले. काहींना चिठ्ठी देऊन घरी सोडलं. मग पुन्हा बोलावलं. दुसऱ्यांदा गेलेले बरेचसे परत आले नाहीत. दुसरीकडे याद्या घेऊन घरोघर फिरणारे लोक होते: अधिकारी, पक्षांचे कार्यकर्ते, पाद्री, परदेशी माणसं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला आलेले तीन जर्मन डॉक्टर आणि त्यांतल्या एकाची पत्नी यांनाही नेलं, नंतर त्यांची प्रेतं सापडली. फू काम या कॅथलिक वस्तीतल्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्या पुरुषांना एकत्र करून नेलं, त्यांची संख्या चारशेच्या आसपास होती.

लढाई संपल्यावर झा होय शाळेच्या आवारात, पॅगोडांच्या परिसरात, वाळवंटी किनारपट्टीत खड्डे सापडत गेले. काहींचे हात मागे बांधलेले होते. फू कामच्या पुरुषांचा ठाव लागायला सप्टेंबर १९६९ उजाडला. दुसऱ्या बाजूकडून फुटून आलेल्या काहींनी जागा सांगितली: दाट जंगलातला दा माय ओढा. पुरलेलं काही नव्हतं. वाहत्या पाण्याने स्वच्छ धुतलेल्या कवट्या आणि हाडं, चारशेहून अधिक जणांची. नातेवाइकांनी कपड्यांवरून, दातांवरून, खिशातल्या वस्तूंवरून जमेल तशी ओळख पटवली.

एकूण किती लोक मेले?

अमेरिकेचे २१६ सैनिक, दक्षिण व्हिएतनामचे साडेचारशेच्या आसपास. हल्लेखोरांचा अमेरिकी आकडा पाच हजारांच्या वर जातो, त्यांच्या स्वतःच्या कागदपत्रांतला बराच कमी आहे. मेलेल्या शत्रूची मोजदाद त्या युद्धात नेहमीच फुगवली जायची, हे ध्यानात ठेवूनच तो पहिला आकडा वाचा.

नागरिक: मेलेले आणि बेपत्ता मिळून ५,८०० हा त्या वेळचा दक्षिणेच्या सरकारचा आकडा. त्यांपैकी सुमारे २,८०० जणांचे अवशेष सामूहिक खड्ड्यांतून निघाले. बाकीचे मोठ्या संख्येने तोफगोळे, बॉम्ब आणि गोळीबारात गेले. एकाच खड्ड्यात दोन्ही प्रकारचे मृतदेह असण्याची शक्यता असल्यामुळे '२,८०० ची हत्या' असं छातीठोक लिहिणंही बरोबर नाही. १९७० च्या दशकात याच मुद्द्यावरून अमेरिकेत मोठी जुंपली. अमेरिकी सरकारी विश्लेषक डग्लस पाइक यांनी ठरवून केलेली कत्तल असं मांडलं. अमेरिकी अभ्यासक गॅरेथ पोर्टर यांनी हा आकडा आणि पुरावा प्रचारासाठी वाढवल्याचा आरोप केला. पोर्टर यांचा खड्ड्यांच्या मोजदादीवरचा संशय काही प्रमाणात रास्त होता, पण त्यातून 'असं काही झालंच नाही' हा निष्कर्ष निघत नाही. माझं मत विचाराल तर याद्या करून मारलेले आणि सुटका करायला आलेल्या तोफांनी मारलेले, दोघांनाही मोजायला हवं. एका बाजूचे मृत दुसऱ्या बाजूच्या मृतांना खोडायला वापरण्याचा उद्योग पन्नासहून अधिक वर्षं चालला आहे.

व्हिएतनामचं सरकार काय म्हणतं?

तिथे 'मौ थान वसंत', म्हणजे माकड-वर्षाचा वसंत, हा विजय म्हणून साजरा होतो. कत्तलीचा उल्लेख शत्रूचा प्रचार म्हणून उडवून लावला जातो, प्रेतं अमेरिकी बॉम्बहल्ल्यातली असं सांगितलं जातं. पुढे देश सोडून पॅरिसला गेलेले उत्तरेच्या सैन्यातले कर्नल बुई तिन यांनी हत्या झाल्याचं कबूल केलं होतं. माघार घेताना पकडलेल्यांचं काय करायचं या गोंधळात त्या झाल्या, असं त्यांचं म्हणणं. काही अंशी ते खरं असेलही, पण पहिल्या दिवसांतल्या याद्यांना ते लागू पडत नाही.

ह्वेचे लोक हल्लेखोरांच्या बाजूने उठले का नाहीत?

मोहिमेचं नावच 'सार्वत्रिक चढाई, सार्वत्रिक उठाव' असं होतं. शहरांत शिरलं की जनता रस्त्यावर येईल, सायगावचं सरकार कोसळेल, हा उत्तरेच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख ले दुआन यांचा हिशेब. (मोहिमेचे शिल्पकार म्हणून सगळीकडे नाव असलेले उत्तरेचे जनरल ज्याप तेव्हा उपचारांसाठी हंगेरीत होते आणि या आखणीबद्दल त्यांना शंकाच होत्या.) ह्वेबाबत तो हिशेब अगदीच हवेतला नव्हता. १९६३ साली बुद्धजयंतीला बौद्ध ध्वज लावायला बंदी केली म्हणून याच शहरात निदर्शनं झाली, गोळीबारात माणसं मेली आणि दक्षिणेचे तेव्हाचे अध्यक्ष दियेम यांच्या सरकारविरुद्धचं बौद्ध आंदोलन इथूनच पेटलं. १९६६ सालीही ह्वे धुमसत होतं.

पण सायगाववर राग असणं आणि उत्तरेच्या हानोईवर प्रेम असणं या वेगवेगळ्या गोष्टी. काही विद्यार्थी, काही बुद्धिजीवी सामील झाले. बाकीचे दार लावून बसले.

शेवटी जिंकलं कोण?

रणांगणावर अमेरिका आणि दक्षिण व्हिएतनाम. तेतमध्ये व्हिएतकाँगची इतकी माणसं गेली की पुढचं युद्ध मुख्यतः उत्तरेच्या सैन्यानेच लढलं. पण 'युद्ध आटोक्यात आलंय' असं अमेरिकेचे सेनापती दोन महिन्यांपूर्वीच सांगून बसले होते. आता घरोघरच्या टीव्हीवर ह्वे दिसत होतं. अमेरिकेचे नावाजलेले वृत्तनिवेदक वॉल्टर क्राँकाइट स्वतः ह्वेला जाऊन आले, आणि २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात हे युद्ध कोंडीत अडकलं आहे, वाटाघाटी हाच मार्ग, असं त्यांनी सांगितलं. ३१ मार्चला अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. त्याचं सगळं श्रेय एका वृत्तनिवेदकाला देऊ नका, पण वारं फिरलं ते याच दोन महिन्यांत. ह्वे पुन्हा कम्युनिस्टांच्या हाती गेलं मार्च १९७५ मध्ये, आणि त्या वेळी फारशी लढाईच झाली नाही.

व्हिएतनामने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून अमेरिकेला हरवलं, हे खरं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. व्हिएतनामी नेत्याने महाराजांचं नाव घेतलं, समाधीवर 'शिवाजी महाराजांचा मावळा' असं लिहून घेतलं, मंत्र्यांनी रायगडची माती नेली, असा तो फिरता संदेश सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला आहे. उत्तर व्हिएतनामचे अध्यक्ष हो ची मिन्ह १९५८ साली भारतात येऊन गेले हे खरं. पण त्यांचा देह हानोईच्या स्मारकात काचेखाली ठेवला आहे, तिथे असं काही कोरलेलं नाही. ते आणि ज्याप आपल्या युद्धपद्धतीची मुळं सांगताना मंगोलांना हरवणाऱ्या त्रान हुंग दाओचं, क्वांग त्रुंगचं आणि अर्थात माओचं नाव घेत. महाराजांच्या थोरवीला या संदेशाची गरजही नाही.

आणि ह्वेची लढाई गनिमी काव्यात बसतच नाही. लाल महालावरचा छापा आठवा: १६६३, रमजानचा महिना, गाफील छावणी, वेषांतर, आणि उजाडायच्या आत पसार. ह्वेत पहिली रात्र अगदी तशीच गेली. पण उजाडल्यावर हे लोक गेले नाहीत. किल्ला धरून, तोफा आणि विमानं असलेल्या शत्रूसमोर पंचवीस दिवस बसले, कारण वरून 'शहर सोडायचं नाही' असा हुकूम होता. गनिमी कावा जाणणाऱ्या कुठल्याही मराठी सरदाराने कपाळावर हात मारून घेतला असता. शहर उद्ध्वस्त झालं ते त्या एका रात्रीमुळे कमी, या बसून राहण्यामुळे आणि ते मोडून काढण्याच्या पद्धतीमुळे जास्त.

भारताचा काही संबंध?

थोडा. ज्याने देश दुभंगला त्या १९५४ च्या जिनिव्हा करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. १९६८ पर्यंत तो आयोग नावापुरताच उरला होता. जुना संबंध मात्र खोल आहे: ह्वेचा प्रदेश १३०६ पर्यंत चंपा या जुन्या राज्याच्या हिंदू राजांकडे होता आणि एका विवाहात व्हिएतनामी राजाला मिळाला. चंपाची मी सन इथली शिवमंदिरं याच युद्धात, १९६९ साली, अमेरिकी हल्ल्यात उद्ध्वस्त झाली. अलीकडे आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे दुरुस्तीचं काम केलं आहे.

आज ह्वेत गेलो तर काय दिसेल?

पहिली सूचना: जे पडलेलं दिसतं ते सगळं १९६८ चं नाही. राजवाड्यातल्या काही मुख्य इमारती १९४७ साली, फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत, व्हिएत मिन्ह या कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या स्वातंत्र्य संघटनेच्या दग्धभू धोरणात जळाल्या. किएन त्रुंग महाल त्यांतलाच. तो पुन्हा बांधून २०२४ साली लोकांसाठी खुला झाला. १९९३ पासून सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मोकळ्या हिरवळी बघून 'काय सुंदर बाग आहे' असं वाटतं, तिथे बहुतेक वेळा जोतं असतं. ध्वजबुरूज चुकणार नाही. दोंग बा दरवाजातून आज स्कूटरी जातात. आणि राजघराण्याच्या देवळासमोरचे नऊ काशाचे कलश नक्की बघा. १८३५ ते १८३७ या काळात ओतलेले, एकेक जवळपास दोन-अडीच टनांचा. त्यांच्या अंगावर डोंगर, नद्या, मासे, तोफा, फणस असं अख्खं राज्य कोरलेलं आहे. त्या नक्षीतच कुठे कुठे गोल, गुळगुळीत कडांचे खळगे आहेत. ते मूर्तिकाराने केलेले नाहीत, गोळ्यांचे आहेत. तेव्हा सुमारे एकशेतीस वर्षं जुन्या असलेल्या काशाने गोळी आत जाऊ दिली नाही, फक्त खूण ठेवून घेतली.

तिथल्या लोकांना याबद्दल विचारलं तर चालेल का?

सरकारी गाइडला नको. तो पाठ केलेलं सांगेल आणि तुम्ही दोघंही अवघडाल. म्हाताऱ्या माणसांना आपणहून विचारू नका. ते बोलले तर ऐका.

एक गोष्ट मात्र न विचारता दिसते, तेतनंतरच्या दिवसांत तिथे असाल तर. व्हिएतनामात वार्षिक श्राद्ध, 'झो', घरोघरी पाळलं जातं, चांद्र तिथीने. ह्वेच्या जुन्या वस्त्यांत वर्षाच्या पहिल्या महिन्यात एकाच गल्लीत किती तरी घरी एकदम झो असतो: दारात चपला, आत उदबत्तीचा धूर, ताटं मांडलेली. घरातून नेलेला माणूस कधी गेला ते कळलंच नसेल, तर ज्या दिवशी त्याला नेलं तीच तिथी धरतात. आपल्याकडे अशांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. ह्वेत ती तिथी तेतच्या सणाला लागूनच येते, त्यामुळे सणाचं उरलेलं गोडधोड आणि श्राद्धाचा स्वयंपाक कधी कधी एकाच चुलीवर असतो.